हयातीचा दाखला : जनरल शंकरराव थोरात यांचे स्मरण

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या डोळ्यांपुढे दोन रांगा उभ्या राहतात. एक रांग दफनभूमीतली. दोन तारखेला सर्व मृतांचा दिवस. त्याच्या आदल्या आठवड्यापासून कुटुंबेच्या कुटुंबे खुरपी, चुन्याचा डबा आणि झेंडूची फुले घेऊन येतात, कबरींवरचे गवत काढतात, पुसट झालेली अक्षरे पुन्हा रंगवतात. दुसरी रांग बँकेच्या दारातली. याच महिन्यात पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचे लिहून द्यावे लागते. त्या कागदाला ‘हयातीचा दाखला’ म्हणतात. आता यंत्राला अंगठा किंवा चेहरा दाखवून हे काम घरबसल्याही होते. तरी आमच्या पाहण्यातले जुने सैनिक अजून बँकेत जाणेच पसंत करतात. इस्त्रीचा सदरा, ताठ मान, छातीशी धरलेली कागदांची पिशवी, आणि रांगेतल्या शेजाऱ्याला विचारलेला ठरलेला प्रश्न : ‘कुठली पलटण?’

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील असेच एक वयोवृद्ध हवालदार वारले. आम्हीच त्यांचा अंत्यविधी केला. नंतर आठ-दहा दिवसांनी सांत्वनासाठी घरी गेलो असता त्यांच्या सूनबाईंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली तीन पदके होती. नातवाने विचारले, ‘फादर, ही आजोबांना कशाबद्दल मिळाली?’ घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते. वर्षानुवर्षे प्रत्येक रविवारी आम्ही त्यांच्याशी बोललो होतो, पण प्रकृती, पाऊसपाणी आणि उसाचा दर यांपलीकडे आमची चौकशी कधी गेली नव्हती. ही खंत मनात घेऊन परतलो, आणि कोल्हापूरच्याच एका थोर सैनिकाचे चरित्र पुन्हा चाळावयास घेतले. ते सेनापती होते, हवालदार नव्हे; परंतु वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने आपल्या आयुष्याचा दाखला लिहून ठेवला, म्हणून आज त्यांच्याविषयी आम्हाला चार शब्द लिहिता येतात.

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे झाला. राजर्षी शाहू छत्रपतींचा तो काळ. १९०२ साली महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, आणि शेतकऱ्यांच्या घरांतून शाळेची वाट पहिल्यांदाच रुळू लागली होती. शंकररावांचे वडील डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील हे त्या वाटेने पुढे गेलेल्या पिढीतले. शेतकीशास्त्राचे ते मोठे जाणकार. मुंबई इलाख्यातील पिकांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, पुढे कोल्हापूर संस्थानात मंत्रीही झाले. उतारवयात त्यांनी ‘माझ्या आठवणी’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. आठवणी लिहून ठेवण्याची रीत या घराण्यात वडिलांपासूनची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पित्याने नांगराचे शास्त्र अभ्यासले, मुलाने तलवार धरली. इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात त्या काळी हिंदी तरुणांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा ठेवलेल्या असत. त्यांतून उत्तीर्ण होऊन १९२६ साली शंकरराव अधिकारी झाले व १४ पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत रुजू झाले. या पलटणीची एक खासियत होती. हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोऱ्या अधिकाऱ्याला काम करावे लागू नये, म्हणून सरकारने आठच पलटणी व रिसाले निवडून हिंदी अधिकाऱ्यांना त्यांतच कोंडले होते. ही त्यांपैकी एक. अपमानाच्या हेतूने बांधलेल्या त्या कोंडवाड्यातून केवढी माणसे निघावीत! अयूबखान याच पलटणीतले, जे पुढे पाकिस्तानचे सरसेनापती आणि १९५८ साली अध्यक्ष झाले. आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे मोहनसिंग याच पलटणीतले, आणि १९४५ साली लाल किल्ल्यात ज्यांच्यावर खटला भरला गेला ते शाहनवाजखानही याच पलटणीतले. मलायात जपान्यांच्या हाती सापडलेल्या या सोबत्यांनी एक वाट धरली. शंकरराव दुसऱ्या वाटेने जपान्यांशी लढत राहिले. एका भोजनगृहात जेवलेल्या तरुणांना इतिहासाने तीन दिशांना नेले. त्यांच्यातला खरा देशभक्त कोणता, असा प्रश्न कोणी आमच्या पिढीला सहज विचारतो तेव्हा आम्हाला उत्तर देण्याची घाई करवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर, कांगॉ नावाच्या खेड्यापाशी, शंकररावांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई झाली. जपानी सैन्य माघार घेत होते व त्याची वाट कांगॉवरून जात होती. ती वाट तोडण्यासाठी १९४५च्या जानेवारीत दोस्तांचे सैन्य खारफुटीच्या चिखलातून, खाड्यांतून होड्यांनी आत उतरले. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व हिंदी अधिकाऱ्यांकडे होते, आणि ही गोष्ट त्या वेळी अपूर्वच होती. १९ हैदराबादच्या आठव्या पलटणीचे थिमय्या, १० बलुचच्या सोळाव्या पलटणीचे सेन आणि २ पंजाबच्या दुसऱ्या पलटणीचे थोरात. हिंदी माणसाला पलटण चालवता येते की नाही, याची जणू परीक्षाच मांडली गेली होती. मोक्याची टेकडी जपान्यांनी घट्ट धरून ठेवली होती. आधीच्या हल्ल्यांना यश आले नाही; अखेर थोरातांच्या शीख, डोगरा आणि पंजाबी मुसलमान जवानांनी संगिनी लावून ती सर केली. तिघाही पलटणप्रमुखांना डी.एस.ओ. हा शौर्याचा सन्मान मिळाला.

हे तिघे पुढे पुन्हा एकमेकांच्या आयुष्यात येतात, म्हणून त्यांची नावे येथे मुद्दाम सांगितली. मध्यंतरी १९४७ साल आले. देशाबरोबर फौजही वाटली गेली. ज्या १४ पंजाब रेजिमेंटमध्ये शंकररावांनी तारुण्याची वर्षे काढली ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली, कांगॉला शेजारी लढलेली बलुच रेजिमेंटही गेली. सैनिकाला पलटण हे दुसरे घर असते. घर वाटले गेल्यावर भांडीकुंडीही मोजून वाटली जातात, तशीच तेव्हा पलटणींची चांदीची ताटे आणि वाद्येदेखील वाटली गेली.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. कांगॉची टेकडी जिंकणे हे शौर्य होते यात शंका नाही. पण आमच्या मते शंकररावांची खरी कसोटी आठ वर्षांनी कोरियात लागली, आणि तेथे जिंकावयाचे काहीच नव्हते.

कोरियातील युद्ध २७ जुलै १९५३च्या शस्त्रसंधीने थांबले. ते थांबण्यास दीड वर्षाहून अधिक काळ एकच प्रश्न आड येत होता : युद्धकैद्यांचे काय करावयाचे? संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेले हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जावयास नकार देत होते. चीन म्हणे, त्यांना धाकाने अडवून ठेवले आहे. अमेरिका म्हणे, हा त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. तोडगा असा निघाला की अशा कैद्यांना एका तटस्थ आयोगाच्या स्वाधीन करावे. दोन्ही बाजूंच्या लोकांनी तेथे येऊन त्यांची समजूत घालावी आणि प्रत्येकाला आपला निर्णय मोकळेपणी सांगता यावा. आयोगात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया होते. अध्यक्षपद भारताकडे, म्हणजे जनरल थिमय्यांकडे आले. कैद्यांवर पहारा ठेवण्यासाठी भारताने ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’ नावाचे सुमारे सहा हजारांचे दल पाठवले. त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात. कांगॉचे दोन सोबती पुन्हा एकत्र आले.

येथे थोडे विषयांतर करतो. घरी परत जावयाचे की नाही, हा प्रश्न कोल्हापूरकरांनी त्याच्या आधीच जवळून पाहिला होता. १९४३ ते १९४८ या काळात शहरालगतच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक बायका आणि मुले, जवळजवळ सगळी कॅथलिक. रशियाच्या श्रमछावण्यांतून सुटून ती येथवर आली होती. त्यांची शाळा होती, चर्च होते, सणवार होते. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांची गावे रशियाच्या हद्दीत गेलेली होती आणि मायदेशावर साम्यवादी सत्ता येत होती. थोडे परत गेले. बाकीचे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या वाटेने पांगले. घराची ओढ आणि घराची भीती एकाच माणसाच्या ठायी कशी नांदते, हे वळिवड्याने पाहिले होते. कोरियात तेच बावीस हजारांहून अधिक पुरुषांच्या बाबतीत घडत होते, आणि त्यांच्याभोवती काटेरी तार होती.

भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या भूमीला पायही लावू नये, असा तेथील अध्यक्ष सिंगमन री यांचा हट्ट. म्हणून इंचॉन बंदरातील जहाजांवरून आमच्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्यांच्या तळाचे नाव ‘हिंदनगर’. कैद्यांच्या बराकी म्हणजे आतून पक्के किल्ले होते. म्होरक्यांची दहशत एवढी की परत जाण्याची इच्छा नुसती बोलून दाखवणाऱ्याला मारहाण होई. काहींचे खूनही पडले. कित्येकांच्या अंगावर साम्यवादविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. गोंदवून घेतलेली ती माणसे परत गेली असती तर त्यांचे काय झाले असते, हे सांगावयास नको. या लोकांना भारतीय पहारेकरी म्हणजे चीनचे हस्तक वाटत. आमचे जवान आले तेव्हा त्यांचे स्वागत दगडांनी व शिव्यांनी झाले. तारेपलीकडे थोड्याच अंतरावर दक्षिण कोरियाची फौज उभी होती. कैद्यांनी एकदम तार तोडली असती, किंवा पहाऱ्यातून अंदाधुंद गोळीबार झाला असता, तर नुकतेच विझलेले युद्ध पुन्हा पेटावयास वेळ लागला नसता.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला बराकीच्या आवारात ओढून कोंडून घेतले. बाहेर जवान बंदुका रोखून तयार. आत खवळलेला जमाव. थोरातांपुढे सरळ लष्करी मार्ग होता. तो त्यांनी घेतला नाही. मोजक्या लोकांना बरोबर घेऊन ते स्वतः त्या जमावात शिरले. सेनापतीने ओलीस ठेवणाऱ्यांच्या हाती असे स्वतःहून जाणे कोणत्याही युद्धशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही. आत त्यांनी धाक घातला नाही, विनवणीही केली नाही. पाहुण्यासारखे वागले, बोलत राहिले, आणि जमावाचा ताप उतरू दिला. मेजरला घेऊन ते बाहेर आले तेव्हा एकही गोळी झाडली गेली नव्हती.

पुढचे सगळेच इतके निर्मळ नाही. काही दिवसांनी, ऑक्टोबरच्या आरंभी, कैदी तारेवर धावून आले तेव्हा पहारेकऱ्यांना गोळ्या झाडाव्या लागल्या आणि काही कैदी प्राणास मुकले. थोरातांच्या चरित्रातून हा भाग वगळून त्यांना संत करण्याची आमची इच्छा नाही, आणि त्यांनाही ती आवडली नसती. समजुतीचे कामही अर्धवटच राहिले. नव्वद दिवसांच्या मुदतीत थोड्याच कैद्यांशी बोलणे होऊ शकले. १९५४च्या जानेवारीत उरलेल्यांना मूळ ताबेदारांकडे परत सोपवण्यात आले. अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले की त्यांना ना उत्तर हवे होते, ना दक्षिण. त्यांना आपल्या जवानांनी बरोबर भारतात आणले. पुढे त्यांतील बरेचजण दक्षिण अमेरिकेत स्थायिक झाले. चार महिन्यांच्या या पहाऱ्याबद्दल शंकररावांना अशोकचक्र वर्ग दोन, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, देण्यात आले.

सत्तेचाळीस वर्षांचा तो सेनापती तेव्हा घरी लहान मुलगा ठेवून गेला होता. त्या जमावात त्याला घर आठवले असेल काय, असा विचार आमच्या मनात येतो. त्याच्या समोरचे हजारो जणही कोणाचे तरी मुलगे आणि बापच होते. आपला माणूस जिवंत आहे की नाही, एवढेही चीनमधल्या कित्येक आयांना कळलेले नव्हते.

यानंतर १९५७ ते १९६१ अशी चार वर्षे शंकरराव ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. मुख्यालय लखनौला. थिमय्या सरसेनापती. १९५९च्या ऑगस्टमध्ये लोंगजूच्या चौकीवर चिन्यांनी हल्ला केला व ईशान्य सीमेची जबाबदारी घाईने सैन्याकडे आली. शंकररावांनी परिस्थिती पाहून ८ ऑक्टोबर १९५९ रोजी दिल्लीला एक टिपण पाठवले. त्याचा गाभा कोणाही शेतकऱ्याला समजेल असा आहे. बांधावर ठिकठिकाणी एकेक राखणदार उभा करून शेत राखले जात नाही. चीनच्या बाजूला रस्ते सीमेपर्यंत पोहोचलेले, आपल्या बाजूला नुसते डोंगर आणि खेचरे. तेव्हा शत्रूला त्याच्या रस्त्यापासून दूर येऊ द्यावे आणि आपली रसद जिथवर पोहोचते तेथे, भक्कम मोर्चे बांधून, त्याला गाठावे. यासाठी अमुक इतके सैन्य, इतके रस्ते, इतकी तयारी लागेल. थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पटले नाही; चीनकडून हल्ल्याची भीती त्यांना अतिरंजित वाटली. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किला’ नावाची लष्करी कवायत मांडून वरिष्ठ अधिकाऱ्यांना तेच पुन्हा दाखवले. त्यानंतरही दिल्लीची फाइल हलली नाही.

१९६१च्या मे महिन्यात शंकरराव निवृत्त झाले. आपल्या पश्चात थोरातांनी सरसेनापती व्हावे अशी थिमय्यांची शिफारस होती. सरकारने सेवाज्येष्ठतेने जनरल थापर यांना नेमले. नियमाने पाहिले तर यात अन्याय म्हणता येत नाही, आणि आम्ही म्हणत नाही. ईस्टर्न कमांडवर थोरातांच्या जागी आले ते सेन, कांगॉचे तिसरे सोबती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचा हल्ला झाला. महिन्याभरात तवांग गेले, बोमदिला गेले. सेन यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. तिच्यात आम्ही भर घालू इच्छित नाही. जुन्या मित्राच्या हातून जुन्याच भीतीप्रमाणे सगळे निसटताना निवृत्त सेनापतीला काय वाटले असेल, याची कल्पना करूनच थांबावे.

युद्ध अंगाशी आल्यावर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले आणि ते टिपण आपल्यापुढे का आले नाही असे विचारले. हा प्रश्न मेनन यांना विचारावा, असे उत्तर थोरातांनी दिल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्याच सुमारास स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांना व थिमय्यांना घेण्यात आले. थोरातांची योजना स्वीकारली असती तर १९६२चा पराभव टळला असता काय? आमच्यासारख्या गाउन घालणाऱ्याने यावर ठाम बोलू नये. योजना कागदावर होती. तिला लागणारे रस्ते आणि पलटणी कागदावरही पुऱ्या नव्हत्या. परंतु ती वाचली तरी जावयास हवी होती, एवढे म्हणण्यास युद्धशास्त्राची गरज नाही. सैनिकांच्या विधवा आमच्याकडेही येतात.

आम्हाला अधिक गुंतवणारा प्रश्न दुसराच आहे. हे सगळे ठाऊक असूनही शंकरराव १९५९, १९६० साली जाहीरपणे का बोलले नाहीत? गणवेशात असताना बोलणे शिस्तीत बसत नव्हते, हे उघड आहे. लोकशाहीत सेनापतीने सरकारला चव्हाट्यावर आणू नये, हा दंडक देशाने फार मोलाने सांभाळला आहे. शेजारच्या देशात तो मोडला तेव्हा मोडणारा थोरातांच्याच जुन्या पलटणीतला होता. तरीही जवान अपुऱ्या कपड्यांत आणि अपुऱ्या काडतुसांनिशी थंडीत मरणार हे ज्याला दिसत होते, त्याच्या विवेकबुद्धीवर त्या मौनाचा भार किती असेल? कबुलीच्या आसनावर बसून आम्ही पुष्कळ मौने ऐकली आहेत. त्यांतील काही भ्याडपणाची असतात, काही कर्तव्याची, आणि बऱ्याच वेळा बोलणाऱ्यालाही आपले मौन कोणत्या जातीचे ते कळत नाही. शंकररावांच्या बाबतीत आमचे मन कर्तव्याच्या बाजूस झुकते. पण ते पुरते स्थिरावत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

बोलले ते पाव शतकानंतर. १९८६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे त्याचे नाव. पहाटे जवानांना उठवणाऱ्या बिगुलापासून संध्याकाळी निशाण उतरवताना वाजणाऱ्या बिगुलापर्यंत. मराठी आत्मकथेला मात्र त्यांनी ‘माझी शिपाईगिरी’ असे साधे नाव दिले. लेफ्टनंट जनरलने स्वतःला शिपाई म्हणावे, हे आम्हाला फार आवडते. वडिलांच्या ‘माझ्या आठवणी’शेजारी हे पुस्तक कपाटात शोभून दिसते.

घरातील तिसऱ्या पिढीविषयी दोन शब्द. चिरंजीव यशवंतराव थोरात रिझर्व्ह बँकेत दीर्घ सेवा करून पुढे शेती व ग्रामविकासाला कर्जपुरवठा करणाऱ्या नाबार्डचे अध्यक्ष झाले. स्नुषा उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर झाल्या. आजोबांनी अभ्यासलेली शेती एका पिढीची रजा घेऊन पुन्हा घरात परतली, असे म्हणावयास हरकत नाही. यशवंतरावांनी आपल्या वडिलांविषयी लिहिले आहे. वडिलांना विचारले गेले आणि वडिलांनी सांगितले, हे भाग्य किती घरांच्या वाट्याला येते?

१० ऑगस्ट १९९२ रोजी जनरल थोरात कोल्हापुरात निवर्तले. दोनच दिवसांनी त्यांना शहाऐंशी वर्षे पूर्ण झाली असती. थिमय्या त्यांच्या सत्तावीस वर्षे आधी, १९६५च्या डिसेंबरात, सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख असताना गेले होते.

आमच्या जिल्ह्याला सैनिकांची वाण नाही. शिरोळ तालुक्यातील टाकळी गावाने इतकी मुले फौजेत धाडली की गावाचेच नाव सैनिक टाकळी पडले. टेंबलाईच्या टेकडीवर टेरिटोरियल आर्मीची मराठा पलटण आहे. आमच्या धर्मग्रामातही आता बोटांवर मोजण्याइतके म्हातारे सैनिक उरले आहेत. गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवसानंतरच्या रविवारी, मिस्सा झाल्यावर आम्ही त्यांना सभागृहात थांबण्याची विनंती केली. टेबलावर दोनशे पानी वही ठेवली आणि लिहून घेण्यासाठी त्यांच्याच नातवंडांना बसवले. बराच वेळ कोणी बोलेना. चहा झाला, बिस्किटे झाली. मग एक आजोबा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘काय सांगू फादर, लढाईचं की घरचं?’

दोन्ही सांगा, असे आम्ही म्हटले.

त्यांनी चश्मा काढून सदऱ्याला पुसला आणि सुरुवात केली ती बेळगावच्या भरतीच्या दिवसापासून. पहाटे अंधारात एस.टी.ची वाट पाहताना आईने फडक्यात बांधून दिलेल्या दशम्यांपासून.